ब्रुनोचे खुबे

"वय झालंय हो त्याचं आता." नऊ-दहा वर्षांचं कुत्रं घेऊन माझ्या दवाखान्यात येणारं जवळजवळ प्रत्येक घर हे वाक्य बोलतं. लसीचं कार्ड पुढे येतं, कानाची खाज, गोचीड, केस गळणं यावर बोलणं होतं. उठायला वेळ लागतो, जिन्यापाशी थांबतो, बेल वाजली तरी जागचा हलत नाही, हे सगळं दाराशी जाताना, सहज म्हणून सांगितलं जातं. मी नाशिकमध्ये पशुवैद्य म्हणून काम करते आणि मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. वय हे कुठल्याही आजाराचं नाव नाही. म्हातारं कुत्रं मंदावतं तेव्हा पुष्कळदा त्याचे सांधे दुखत असतात, आणि त्या दुखण्यावर आज करण्यासारखं खूप आहे.

ब्रुनोचंच सांगते. पिवळा लॅब्रडॉर, वय अकरा, वजन ४१ किलो. घरात एसटीतून निवृत्त झालेले आजोबा आणि आजी, मुलगा-सून पुण्याला. घर दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. ते आले होते कानासाठी. कान तपासून मी औषध लिहीत होते, तेवढ्यात आजोबा म्हणाले, "चल ब्रुनो." त्यानं आधी मान खाली घातली. पुढचे पंजे फरशीवर पसरून रोवले, नखं करकरली. खांद्यांच्या जोरावर पुढचं धड वर आलं, मागचं अर्धं उचललं आणि पुन्हा खाली बसलं. दुसऱ्या खेपेला तो उठला, पण मागचे दोन्ही पाय पोटाखाली ओढून, पाठीला बाक देऊन. मग पहिली काही पावलं आखडलेली, आणि दारापर्यंत पोचेतो चाल बरीच सुटी झालेली. "बघा, आता कसा चालतोय," आजी म्हणाल्या. त्या सुट्या झालेल्या चालीमुळेच घरच्यांना वाटतं की काही विशेष नाही.

मी त्याला परत बोलावलं आणि दोन्ही मांड्यांवर हात ठेवले. छाती आणि खांदे पैलवानासारखे भरलेले, मांड्या मात्र हाताला पातळ लागत होत्या, कारण बरेच महिने तो अंगाचा भार पुढे ढकलून चालत होता. खुब्यातून पाय हलकेच मागे नेला तेव्हा अर्ध्या वाटेवर तो अडला. ब्रुनो गुरगुरला नाही. त्यानं वळून माझ्या हाताकडे पाहिलं, जीभ नाकावरून फिरवली आणि श्वास धरून ठेवला. काटा रुतला तर कुत्रं केकाटतं. पण महिनोन्‌महिने मुरलेलं दुखणं ते बोलून दाखवत नाही, आपलं वागणं त्याच्याभोवती बदलून घेतं. गाडीत उडी मारणं बंद होतं. पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकले जातात. एकच मनगट चाटून चाटून तिथले केस तांबूस होतात. अंगणापर्यंत जायचा कंटाळा येऊन लघवी घरातच होते आणि त्याबद्दल बिचाऱ्याला ओरडा बसतो. नातवानं लाडानं कमरेवर हात टाकला की कधी नव्हे ते कुत्रं दात दाखवतं. अशा घरातून "हल्ली चिडका झालाय" अशी तक्रार येते, तेव्हा मी आधी सांधे तपासते.

सांध्यात दोन हाडांची टोकं एकमेकांवर फिरतात. त्यांच्यावर कूर्चेचा पातळ, गुळगुळीत थर असतो आणि भोवतीच्या पिशवीत दाटसर वंगण. कूर्चेला मज्जातंतू नसतात, म्हणून झिजेची सुरुवात कुत्र्याला जाणवतच नाही. तिला रक्तपुरवठाही नसतो, म्हणून झिजलेला भाग धडपणे भरून येत नाही. दुखायला लागतं ते पिशवीचं अस्तर सुजतं आणि कूर्चेखालच्या हाडावर ताण येतो तेव्हा. सुजेमुळे वंगण पातळ होतं, उरलीसुरली कूर्चा आणखी झिजते, कडेनं हाडाचे कंगोरे वाढतात. दुखतं म्हणून पाय कमी वापरला जातो, वापर कमी म्हणून स्नायू आटतो, आणि स्नायूचा आधार सुटला की सगळा भार पुन्हा त्याच सांध्यावर. कूर्चा नवी करून देणारं औषध माझ्याकडे नाही. हे चक्र मात्र तीन-चार ठिकाणी तोडता येतं.

माणसाचा गुडघा वयोमानानं झिजतो. कुत्र्यात या आजाराचं मूळ बऱ्याचदा बालपणातच असतं. लॅब्रडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर या जातींत खुब्याची खोबण उथळ राहण्याचा दोष पिढीजात चालत येतो. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसत नाही, आयुष्यभर थोडा थोडा घसरत राहतो. ब्रुनोच्या एक्स-रेमध्ये हेच दिसलं. काहींचं कोपर जन्मतः सदोष असतं, काहींच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटलेला असतो. आमच्या दवाखान्याजवळ चहाच्या टपरीवर राहणाऱ्या भुऱ्या नावाच्या कुत्र्याचा पाय लहानपणी गाडीखाली आला होता. हाड जुळलं, पण वाकडं, आणि त्याच पायाचा गुडघा आता धरलाय.

एक्स-रेबद्दल एक सांगायलाच हवं. फोटोत दिसणारी झीज आणि कुत्र्याला होणारी वेदना यांचा मेळ नेहमी बसत नाही. भयंकर खराब दिसणारे खुबे घेऊन मजेत फिरणारी कुत्री असतात, आणि फोटो बरा असूनही कण्हणारी असतात. म्हणून मी फोटोइतकंच महत्त्व घरच्या व्हिडिओला देते. दवाखान्यात आल्यावर कुत्रं घाबरलेलं किंवा उत्तेजित असतं, त्या भरात लंगडणं झाकलं जातं. सकाळी झोपेतून उठतानाचा, जिना उतरतानाचा, मागून आणि बाजूनं चालतानाचा मोबाइलवरचा छोटा व्हिडिओ मला अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगतो.

आणि लंगडणारं प्रत्येक म्हातारं कुत्रं संधिवाताचं नसतं. आपल्याकडे गोचीडतापानंही सांधे सुजतात, कुत्रं आखडून चालतं. ताप, रक्तातल्या कमी झालेल्या प्लेटलेट्स आणि रक्ताची विशिष्ट तपासणी यावरून तो ओळखू येतो, आणि त्याचं औषध पूर्ण वेगळं. जर्मन शेफर्ड मागचे पंजे घासत, नखं झिजवत चालत असेल आणि दाबून पाहिलं तरी दुखत नसेल, तर मज्जारज्जूच्या ऱ्हासाची शंका घ्यावी लागते. मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या मनगटाच्या वर किंवा गुडघ्याजवळ टणक, दुखरी सूज आली तर हाडाचा कर्करोग आधी नाकारावा लागतो. म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका, आधी तपासणी करून घ्या.

ब्रुनोच्या उपचारातली पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट होती त्याचं वजन. त्याच्या हाडापेराला ३१ किलो शोभले असते. आजीला वाटलं मी अतिशयोक्ती करतेय. मी त्यांना हातानं ओळखायची खूण दाखवली. आपल्या हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूवरून, बोटांच्या मुळाशी, दुसऱ्या हाताचं बोट फिरवा. हाडं जेवढी जाणवतात तेवढ्याच सहज कुत्र्याच्या बरगड्या जाणवल्या पाहिजेत. तळहातावरून फिरवल्यासारखं मऊ लागलं तर चरबी जास्त आहे. ब्रुनोच्या बरगड्या शोधाव्या लागत होत्या.

याबाबत माझ्या आग्रहाला आधार आहे. अमेरिकेत प्युरिना कंपनीनं ४८ लॅब्रडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांचा जन्मभर अभ्यास केला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खाणं, बाकी सगळं सारखं. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. भरपूर खाणारी कुत्री सरासरी ११.२ वर्षं जगली, सडपातळ १३ वर्षं. सांध्याच्या आजारावर औषध सुरू करण्याची वेळ पहिल्या गटावर साधारण दहाव्या वर्षी आली, दुसऱ्यावर तेराव्या. एकाच जातीची पिल्लं, एकच अन्न, फरक फक्त वाटीतल्या मापाचा. आजार जडल्यानंतरही वजन उतरवण्याचा उपयोग होतो. शरीराचं सहा ते नऊ टक्के वजन कमी झालं तरी लंगडणं मोजण्याइतकं घटतं, हे दाखवून दिलं गेलं आहे. ब्रुनोच्या बाबतीत ते साधारण अडीच ते पावणेचार किलो होतात.

मग मी विचारते, दिवसभरात काय काय खातो? "काही नाही हो, सकाळी दूध-पोळी, रात्री चिकन-भात." आणि मधे? आजोबांच्या सकाळच्या चहाबरोबर चार बिस्किटं, संध्याकाळच्या चहाबरोबर चार, आजीच्या पोळीचा शेवटचा घास, शेजारच्या काकूंकडची खारी. एका ग्लुकोज बिस्किटात पंचवीसच्या आसपास उष्मांक असतात. आठ बिस्किटांचे दोनशे झाले. तीस किलोच्या, फारसं न हिंडणाऱ्या कुत्र्याची अख्ख्या दिवसाची गरज हजार ते बाराशेची. म्हणजे दिवसाचा पाचवा-सहावा हिस्सा नुसत्या चहापाण्यात गेला. आजोबांना चहाच्या वेळी ब्रुनोला काहीच न देणं जमणार नव्हतं आणि मीही तसं सांगितलं नाही. बिस्किटाऐवजी काकडीची चकती, उकडलेल्या फरसबीचे तुकडे, गाजर द्यायला सांगितलं. लॅब्रडॉर तेवढ्याच प्रेमानं खातो. पोळी बंद, भात मोजून, चिकन उकडून आणि चरबी काढून. आठवड्याला एक ते दोन टक्क्यांहून जास्त वजन उतरवायचं नाही. दर पंधरवड्याला दवाखान्याच्या काट्यावर यायचं, तपासणीचे पैसे नाहीत, फक्त वजन लिहून घ्यायचं.

दुसरी गोष्ट फरशी. शेणानं सारवलेल्या जमिनीवर कुत्र्याचा पाय घसरत नसे. आपल्या फ्लॅटमधल्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर मागून दुबळं झालेलं कुत्रं दिवसातून कितीतरी वेळा घसरतं, आणि प्रत्येक घसरण दुखऱ्या खुब्याला हिसका देते. गोठ्यात गायींसाठी घालतात त्या जाड रबरी चटया शेतीच्या दुकानात मिळतात. त्या उत्तम. नाही तर जुन्या योगा मॅट. झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत सलग पट्टा घाला, मधे उघडी फरशी ठेवू नका. नखं कापलेली असू द्या, पंजाच्या गाद्यांमधले लांब केस कातरा, मोजे घालू नका, ते आणखी घसरतात. खाली कापसाची जाड गादी हवी, पावसाळ्यात ती ओल्या जमिनीपासून उचललेली हवी. डिसेंबरात निफाडकडची थंडी नाशकात उतरते तेव्हा माझ्याकडे आखडलेल्या कुत्र्यांची रांग लागते. त्या दिवसांत सकाळी फिरायला नेण्याआधी दहा मिनिटं कोमट शेक दिला तर पहिली पावलं सोपी जातात. शेक आधी आपल्या मनगटाला लावून बघायचा.

ब्रुनोच्या जिन्याला पर्याय नव्हता. आजोबांनी जुन्या चादरीची रुंद पट्टी केली. ती त्याच्या पोटाखालून, मागच्या पायांच्या थोडी पुढे घ्यायची आणि दोन्ही टोकं वर धरून मागचा भार हलका करायचा. उतरताना आजोबा सावकाश, ब्रुनो त्यांच्याही पेक्षा सावकाश. जिन्याची फेरी दिवसातून तीनदाच, बाकी वेळ जिन्याला फळी आडवी.

फिरवणं बंद करायचं नाही, हे मला सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागतं. दुखतंय म्हणून महिनाभर बसवून ठेवलेलं कुत्रं उरलेला स्नायूही गमावतं. पण आठवडाभर घरात आणि रविवारी पांडवलेण्यांच्या पायऱ्या, हेही नको. रोज तीन वेळा, दहा ते पंधरा मिनिटं, सपाट मातीच्या रस्त्यावर, पट्ट्याला धरून, एका लयीत. चेंडूमागे पळून एकदम वळणं आणि थांबणं बंद. पाण्यातला व्यायाम सांध्यांना फार मानवतो. मोठ्या शहरांत त्यासाठी पाण्याखालचे चालपट्टेही मिळतात. मात्र प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात कुत्र्याला कधीही सोडू नका. त्या निसरड्या उतारावरून ते वर चढू शकत नाही आणि दमून बुडतं.

आता औषधं. सांध्याची सूज आणि वेदना कमी करणारी, स्टेरॉइड नसलेली औषधं हा उपचाराचा कणा आहे. कुत्र्यांसाठी मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन, फिरोकॉक्सिब वापरली जातात. "रोज गोळी दिली तर किडनी जाईल," ही भीती प्रत्येक घरात असते आणि ती अगदीच निराधार नाही. म्हणूनच सुरू करण्याआधी रक्त तपासून मूत्रपिंड आणि यकृत पाहायचं, काही आठवड्यांनी पुन्हा, मग ठरावीक अंतरानं. गोळी खाल्ल्यानंतर द्यायची. उलट्या, काळी डांबरासारखी शी, खाणं सोडणं यांपैकी काहीही दिसलं की गोळी थांबवून फोन करायचा. बरं वाटायला लागलं की कमीत कमी किती मात्रेत भागतं ते डॉक्टरांबरोबर शोधायचं. भुऱ्याची गोळी टपरीवाले दादा पावात घालून देतात, पण आधी त्याचं पोटभर खाणं झालंय याची खात्री करून. एवढी शिस्त पाळली तर बहुतेक कुत्र्यांना ही औषधं दीर्घकाळ सोसतात.

घरातली माणसांची गोळी कुत्र्याला देऊ नका. आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलसोबत मिसळलेली त्याची गोळी आपल्या प्रत्येक औषधाच्या डब्यात असते. डायक्लोफेनॅकही नको. जनावरांसाठी त्या औषधावर आपल्याकडे २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडांमुळे, कारण औषध दिलेल्या जनावराचं मढं खाऊन गिधाडं मूत्रपिंडं बिघडून मेली. आमच्याच जिल्ह्यात हरसूलकडे खोरीपाड्याला गिधाडांसाठी खाद्याची जागा केली आहे, तिथे जाऊन त्या पक्ष्यांना एकदा पाहावं. पण गिधाडांचा प्रश्न बाजूला ठेवला तरी कुत्र्याच्या जठरालाही डायक्लोफेनॅक झेपत नाही. वेदनाशामक मलमही चोळू नका, कुत्रं ते चाटणारच. आणि स्टेरॉइडच्या इंजेक्शननं कुत्रं दुसऱ्या दिवशी उड्या मारायला लागलं म्हणून हुरळून जाऊ नका. ते आणि वरच्या गोळ्या एकत्र पोटात गेल्या तर जठराला भोक पडण्यापर्यंत वेळ येते. दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना आधी काय दिलंय ते सांगा.

एका औषधानं भागलं नाही तर गॅबापेंटिन किंवा अमँटाडिनची जोड देता येते. युरोपात २०२० आणि अमेरिकेत २०२३ मध्ये बेडिनव्हेटमॅब नावाच्या, महिन्यातून एकदा द्यायच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. वेदनेचा निरोप वाढवणाऱ्या एका प्रथिनाला ते अडवतं. पुष्कळ कुत्र्यांना गुण आला, पण काहींमध्ये गंभीर दुष्परिणामही नोंदले गेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं पशुवैद्यांना पत्र पाठवून त्याकडे लक्ष वेधलं. परदेशातले नातेवाईक फोनवर या इंजेक्शनाबद्दल सांगतात म्हणून हे लिहिलं.

पूरक पदार्थांवर घरं फार पैसा घालवतात. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचा पुरावा कमकुवत आहे. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ चा पुरावा त्यामानानं चांगला, पण साधं माशाचं तेल हवं, कॉडच्या यकृताचं नव्हे, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व जास्त होतं. "आम्ही जवस घालतो," असं पुष्कळ जण सांगतात. जवसातलं ओमेगा-३ कुत्र्याच्या शरीरात उपयोगी रूपात फारसं बदलत नाही. आणि जवसाच्या चटणीत लसूण असतो, तो कुत्र्याला विषारी आहे. कॅल्शियमच्या बाटल्यांचा या आजारात काही उपयोग नाही.

गुण येतोय की नाही हे ठरवायला हेलसिंकी आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत घरच्यांसाठी प्रश्नावल्या तयार झाल्या आहेत. मी ब्रुनोच्या घरी सोपं केलं. तीन गोष्टी निवडल्या: सकाळचं उठणं, जिना, आणि आजोबा आल्यावर दारापर्यंत येणं. दुधाचा हिशेब लिहितात त्याच कालनिर्णयच्या चौकटीत आजी रोज प्रत्येकाला शून्य ते तीन गुण लिहू लागल्या. "बरा वाटतो" यापेक्षा ते आकडे मला किती उपयोगी पडले! दोन महिन्यांत वजन ३७ वर आलं आणि उठण्याचे गुण एकवरून दोनवर. सहा महिन्यांनी वजन ३३ किलो झालं तेव्हा त्याला सुरू केलेल्या वेदनेच्या गोळीची मात्रा मी निम्म्यावर आणली.

शस्त्रक्रियेची गरज थोड्यांना पडते. तुटलेला अस्थिबंध दुरुस्त करणं, मांडीच्या हाडाचा गोळा काढून टाकणं, संपूर्ण खुबा बदलणं, हे सगळं होतं. त्यासाठी मी परळच्या १८८६ सालच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या ठिकाणी पाठवते. आणि काहींच्या बाबतीत सगळे उपाय थकतात. कालनिर्णयवर शून्यांची रांग लागते, कुत्रं स्वतःच्या लघवीत पडून राहतं, अन्नाकडे पाहत नाही. तेव्हा शांतपणे निरोप देणं हाही उपचारच आहे असं मी मानते. तो निर्णय रात्री दोन वाजता, रडारडीत घेऊ नये. आधी, दिवसाउजेडी, घरातल्या सगळ्यांनी, मुलांनीसुद्धा, बसून बोलावं.

ज्यांच्या घरी आज पिल्लू आहे त्यांच्याशी शेवटचं. मोठ्या जातीचं पिल्लू घेताना आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. ते दाखवायला जो तयार नाही त्याच्याकडून घेऊ नका. पिल्लाचं अन्न संतुलित असेल तर वरून कॅल्शियमचं सिरप पाजू नका, वाढत्या हाडांचं त्यानं नुकसान होतं. गुबगुबीत पिल्लू गोड दिसतं, पण त्याचे कोवळे सांधे तो भार वाहत असतात. पहिल्या लसीला याल तेव्हापासूनच दर महिन्याला त्याचं वजन कार्डावर लिहून घ्या, आणि बरगड्या कशा तपासायच्या ते तिथल्या तिथे डॉक्टरांकडून हातानं शिकून घ्या.